वाट्याचे भाडे

व्यापारी घरात उधारी ही नवी गोष्ट नसते. कोणत्या गिऱ्हाइकाला किती दिवस द्यायचे, कोणाला पहिल्या आठवड्यातच आठवण करायची आणि कोणाच्या दारात स्वतः जाऊन बसायचे, हे गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाला कोणी शिकवावे लागत नाही. दिवाळीला चोपडापूजन झाले की जुन्या वहीतील बाकी नव्या वहीत ओढली जाते. लाजेखातर ती कोणी गाळत नाही. परंतु त्याच घरातील मुलगा शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी पुण्या-मुंबईला जातो, दोघा-तिघा मित्रांबरोबर सदनिका भाड्याने घेतो आणि त्यांतील एकजण आपल्या वाट्याचे भाडे देईनासा होतो, तेव्हा हे पिढीजात शहाणपण त्याच्या मदतीला येत नाही. गिऱ्हाइकाच्या उधारीबद्दल बोलणे हा व्यवहार आणि मित्राच्या उधारीबद्दल बोलणे हा कोतेपणा, अशी त्याची समजूत असते. पुष्कळदा त्याच्या आईवडिलांचीही तीच असते.

पूर्वी हा प्रश्न या रूपात क्वचितच उभा राहत असे. बाहेरगावी शिकणाऱ्या मुलांसाठी समाजाने वसतिगृहे उभारली होती. आचार्य श्री विजयवल्लभसूरीश्वरजींच्या प्रेरणेने मुंबईत १९१५ साली श्री महावीर जैन विद्यालय स्थापन झाले. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहून कर्मवीर भाऊराव पाटील शिकले. अशा ठिकाणी गृहपती असे, नियम असत आणि कोणाची रक्कम आली, कोणाची राहिली याची नोंद होत असे. एखाद्याच्या घरची परिस्थिती खालावली, तर विचारपूस करणारे वडीलधारे माणूस जवळ होते. वीस-बावीस वर्षांची तीन मुले एका सदनिकेत राहतात, तेव्हा तेथे गृहपती नसतो. हिशोब ठेवणे, आठवण करणे आणि अडचण विचारणे, ही तिन्ही कामे मुलांनाच एकमेकांसाठी करावी लागतात. ती कोणीच केली नाहीत, तर काय घडू शकते हे समजण्यासाठी उदाहरणादाखल एक प्रसंग कल्पावा.

तालुक्याच्या गावातील एका भुसार व्यापाऱ्याचा मुलगा सी.ए.च्या आर्टिकलशिपसाठी पुण्यात आला. बिबवेवाडीत तिघांनी मिळून सदनिका घेतली. भाडे महिना २४,००० रुपये, प्रत्येकाचा वाटा ८,०००. डिपॉझिट ७२,०००, त्यातही प्रत्येकाचे २४,०००. तिघांपैकी एक नोकरी करणारा. दुसरा त्याच गावच्या अडत्याचा मुलगा. त्याच्या आणि व्यापाऱ्याच्या घराचा वीस वर्षांचा व्यवहार, एकमेकांच्या लग्नकार्यांत जाणे-येणे. तिघांची नावे करारात होती. मात्र भाडे दर महिन्याच्या पाच तारखेला व्यापाऱ्याच्या मुलाच्या खात्यातून एकरकमी जात असे आणि बाकीचे दोघे त्याला आपला वाटा देत.

जून महिना सुरळीत गेला. जुलैत अडत्याचा मुलगा म्हणाला, "पुढच्या आठवड्यात देतो." ऑगस्टमध्ये "दोन्ही महिन्यांचे एकदम देतो," असे उत्तर आले. त्यानंतर त्याने विषय काढला नाही आणि व्यापाऱ्याच्या मुलानेही नाही. संवत्सरीच्या दिवशी दोघांनी एकमेकांना मिच्छामि दुक्कडम् म्हटले. आता भाड्याचा विषय काढणे म्हणजे दिलेली क्षमा परत घेणे, असे व्यापाऱ्याच्या मुलाला वाटले आणि तो आणखी गप्प झाला. दिवाळीपर्यंत पाच महिन्यांचे ४०,००० रुपये थकले. ते भरण्यासाठी त्याने क्लासच्या फीसाठी ठेवलेली रक्कम मोडली आणि क्लासची फी वाढल्याचे घरी सांगितले. ज्याने कोणाचा रुपया बुडवला नव्हता, तो मुलगाही अशा रीतीने खोटे बोलू लागला.

दुसऱ्या बाजूला काय चालले होते, हे कोणालाच ठाऊक नव्हते. अडत्या दर महिन्याला भाड्याचे आठ हजार मुलाच्या खात्यात न चुकता पाठवत होता. मुलगा ते मोबाइलवरून शेअर बाजाराच्या ऑप्शन्समध्ये घालत होता. एका महिन्यात गेलेले दुसऱ्या महिन्यात भरून काढू आणि मित्राचे सगळे एकदम देऊन टाकू, हा त्याचा हिशोब. या वाटेने जाणारा तो एकटा नाही. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत समभागांच्या फ्युचर्स व ऑप्शन्स व्यवहारांत उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला. जुलै महिन्यातच कोणी विचारले असते, तर हानी आठ हजारांवर थांबली असती. मित्राला वाईट वाटू नये म्हणून पाळलेले मौन त्या मित्राच्याच अधोगतीला पाच महिने पडद्याआड ठेवत राहिले.

थकबाकीचा स्वभावच असा असतो. पहिल्या महिन्यात ती रकमेची अडचण असते, दुसऱ्या महिन्यात संकोच होतो आणि तिसऱ्या महिन्यापासून देणारा समोरच्याला टाळू लागतो. बँकांच्या व्यवहारात कर्जाचा हप्ता ९० दिवसांपेक्षा अधिक काळ थकला की खाते अनुत्पादक ठरते. परंतु बँक नव्वद दिवस हातावर हात ठेवून बसत नाही. पहिल्या तीस दिवसांतच अशा खात्यावर विशेष लक्ष ठेवण्याची खूण केली जाते, साठ दिवसांनंतर ती अधिक गंभीर होते. या पद्धतीचा उद्देश कर्जदाराचा अपमान करणे हा नसतो. अडचण लहान असताना ती सोडवता येते, हा त्यामागचा अनुभव आहे. पाच तारखेचे भाडे सात तारखेपर्यंत आले नाही, तर सात तारखेलाच शांतपणे विचारावे. त्या दिवशी विचारताना आवाज चढत नाही. पाच महिन्यांनी विचारताना तो चढल्यावाचून राहत नाही.

येथे धर्माचा प्रश्न उपस्थित होतो. अहिंसा आणि क्षमा यांच्या संस्कारात वाढलेल्या मुलाला पैसे मागणे कठोर वाटते. परंतु क्षमा ही मनातील वैराची असते. वहीतील बाकीची नव्हे. क्षमापनेने राग धरण्याचा अधिकार सोडला जातो, हिशोब पुसला जात नाही. तसे असते, तर संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी बाजारपेठेतील सर्व खाती कोरी करावी लागली असती. श्रावकाच्या पाच अणुव्रतांत अचौर्य आहे आणि न दिलेले घेणे म्हणजेच अदत्तादान ही चोरीची व्याख्या आहे. तत्त्वार्थसूत्रात या व्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत खोटी वजने-मापे वापरणे आणि मालात भेसळ करणे यांचाही समावेश आहे. म्हणजे चोरी केवळ कुलूप फोडून होते असे शास्त्र मानत नाही. रोजच्या देण्याघेण्यातही ती शिरते. दुसऱ्याच्या पैशाने मिळालेल्या छताखाली, त्याच्या संमतीवाचून महिनोन्महिने राहणे याच वर्गात मोडते. मित्राला आठवण करून देणे म्हणजे त्याला एका दोषातून वाचवणे होय.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. साधर्मिकाला अडचणीत साहाय्य करणे हे समाजाचे जुने ब्रीद आहे. मित्राच्या वडिलांचे दुकान बसले असेल, घरात आजारपण असेल, नोकरी सुटली असेल, तर सवड द्यावी, शक्य असेल तर मदतही करावी. मात्र ती मदत म्हणून करावी. "या तीन महिन्यांचे भाडे मी भरतो, ते परत करू नकोस," किंवा "हे उसने देतो, नोकरी लागली की दे," असे स्पष्ट शब्दांत सांगावे. सोडून दिलेली रक्कम आणि थकलेली रक्कम यांत हाच फरक आहे. पहिलीने घेणाऱ्याचा मान राहतो. दुसरीने तो रोज सकाळी स्वयंपाकघरात मित्राची नजर चुकवत चहा करतो. ज्याला दान द्यायचे असेल त्याने दान द्यावे. दान म्हणून न दिलेले आणि कर्ज म्हणून न मागितलेले पैसे दोघांनाही जड होतात.

व्यवहाराच्या दृष्टीने पाहता, करार कोणाच्या नावावर आहे यावर प्रत्येकाची जबाबदारी ठरते. महाराष्ट्रात बहुतेक सदनिका लीव्ह अँड लायसन्स पद्धतीने दिल्या जातात. त्यात राहणाऱ्याला ठरावीक मुदतीपुरती जागा वापरण्याची परवानगी मिळते. जागेत हक्क मिळत नाही. तिघांनी एकत्र सही केली असेल आणि करारात प्रत्येकाची जबाबदारी वेगळी ठरवलेली नसेल, तर भारतीय करार अधिनियम, १८७२ मधील कलम ४३ लागू पडते. त्यानुसार घरमालक संपूर्ण भाडे तिघांपैकी कोणाही एकाकडून मागू शकतो. "माझा वाटा मी दिला आहे," हे उत्तर घरमालकापुढे चालत नाही. ज्याने पूर्ण रक्कम भरली, तो इतरांकडून त्यांचा समान वाटा वसूल करू शकतो. याच कलमात आणखी एक तरतूद आहे आणि ती फारशी कोणाला ठाऊक नसते. तिघांपैकी एकाने वाटा बुडवला, तर ते नुकसान उरलेल्या दोघांनी समान सोसावयाचे असते. म्हणजे वरील उदाहरणात ४०,००० रुपयांचा भार एकट्या व्यापाऱ्याच्या मुलाने उचलण्याचे कारण नव्हते. वसुली होईपर्यंत २०,००० नोकरी करणाऱ्या मित्राने सोसायला हवे होते. त्यालाही ते कोणी सांगितले नव्हते.

करार एकाच मुलाच्या नावावर असेल आणि इतर केवळ मित्र म्हणून राहत असतील, तर स्थिती अधिक नाजूक होते. घरमालकाच्या दृष्टीने संपूर्ण देणे त्या एकाचेच. शिवाय दुसऱ्या कोणास जागा वापरू देऊ नये, अशी अट बहुतेक करारांत असते; मित्रांना ठेवणारा मुलगा स्वतःच अटीचा भंग करीत असतो. अशा वेळी घरमालकापासून गोष्ट लपवू नये. सर्व राहणाऱ्यांची नावे करारात यावीत, अशी विनंती आरंभीच करावी. भाडेकरूंची माहिती पोलीस ठाण्याला द्यावयाची असते, त्यातही तेथे प्रत्यक्ष राहणाऱ्या सर्वांची नावे असावीत.

भाडे न देणारा मित्र जागाही सोडत नाही, तेव्हा रागाच्या भरात काही गोष्टी केल्या जातात. त्याचे सामान जिन्यात ठेवले जाते, कुलूप बदलले जाते, खोलीची वीज बंद केली जाते, किंवा त्याचा लॅपटॉप आणि गुणपत्रिका 'पैसे दे आणि ने' म्हणून अडकवून ठेवल्या जातात. यांतील एकही मार्ग सुरक्षित नाही. ज्यांची नावे एकाच करारात आहेत त्या सर्वांचा जागेतील अधिकार सारखाच असतो. एक सोबती दुसऱ्याला बाहेर काढू शकत नाही. कायद्याच्या मार्गाखेरीज ताब्यातून काढलेला माणूस विशिष्ट साहाय्य अधिनियम, १९६३ मधील कलम ६ अन्वये सहा महिन्यांच्या आत दावा करून ताबा परत मागू शकतो, आणि तेथे मूळ हक्क कोणाचा हा प्रश्न विचारात घेतला जात नाही. धमकी किंवा मारहाण झाली, तर येणे असलेलाच मुलगा आरोपी होतो. पोलिसांकडे जाऊन भाडे वसूल होत नाही, कारण भाड्याची थकबाकी हा दिवाणी विषय आहे. परीक्षेला बसणाऱ्या किंवा नोकरी शोधणाऱ्या मुलाच्या नावावर पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवली जाणे, हे चाळीस हजारांपेक्षा महाग पडते.

योग्य मार्ग संथ असतो, पण त्याला पायऱ्या असतात. पहिली पायरी समोरासमोर बोलण्याची. इतरांदेखत नव्हे, चेष्टेत नव्हे आणि मित्रांच्या व्हॉट्सअॅप गटावर तर मुळीच नव्हे. अडचण आहे की टाळाटाळ, हे त्या बोलण्यातच बहुधा कळते. अडचण असलेला माणूस तारीख सांगतो, थोडी तरी रक्कम देतो. टाळाटाळ करणारा विषय बदलतो. दुसरी पायरी कागदाची. कोणत्या महिन्याचे किती, विजेच्या बिलाचा वाटा किती, मिळाले किती आणि बाकी किती, असा एक पानी हिशोब करून त्यावर तारखेसह त्याची सही घ्यावी. थकलेल्या भाड्याच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे, आणि मुदत संपण्यापूर्वी देणेकऱ्याने लेखी कबुली देऊन सही केली, तर त्या दिवसापासून मुदत नव्याने मोजली जाते. मोबाइलवरील संदेशही जपून ठेवावेत. परंतु सही केलेला कागद अधिक भक्कम असतो. येथून पुढे प्रत्येकाने आपापला वाटा थेट घरमालकाच्या खात्यात भरावा, म्हणजे कोणी दिले आणि कोणी नाही याला बँकेची नोंद साक्ष राहते.

तिसरी पायरी घरमालकाला सांगण्याची. मुले याच पायरीला घाबरतात. घरमालक सर्वांनाच घालवील असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात भाडे वेळेवर मिळत राहावे एवढीच बहुतेक घरमालकांची इच्छा असते. जबाबदारी घेणाऱ्या दोघांनी तिसऱ्याच्या जागी नवा सोबती आणण्याचा प्रस्ताव ठेवला, तर तो सहसा नाकारला जात नाही. त्यासाठी घरमालकाची संमती आणि नव्याने नोंदवलेला करार आवश्यक. मुलगा मुदतीपर्यंत हटत नसेल, तर त्याला बाहेर काढण्याची कारवाई घरमालकानेच करावयाची असते. चौथी पायरी घरच्यांची. मुलगा सज्ञान असला, तरी तो वडिलांच्या पैशावर शिकत असेल, तर वडिलांना कळवणे ही चहाडी ठरत नाही. एवढे करूनही काही साधले नाही, तर वकिलामार्फत नोटीस द्यावी आणि दावा दाखल करण्यापूर्वीच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत प्रकरण लोकअदालतीत ठेवावे. तेथे कोर्ट फी लागत नाही. दोघांच्या संमतीने झालेल्या निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचा दर्जा असतो आणि त्यावर अपील नसते. आठ-दहा महिन्यांच्या भाड्यासाठी वर्षानुवर्षे तारखा घेण्यापेक्षा हा मार्ग सर्वांच्या सोयीचा आहे.

वरील उदाहरणातील चार भिंतींआडची गोष्ट दिवाळीत उघडकीस आली. व्यापाऱ्याने मुलाच्या खात्याचा उतारा पाहिला आणि क्लासची वाढलेली फी त्यात कोठेच दिसेना. मुलाने सर्व सांगितले. व्यापाऱ्याचा पहिला विचार सोडून देण्याचा होता. चाळीस हजारांसाठी वीस वर्षांचा पेठेतील संबंध कोण मोडणार? मुलाची आई मात्र म्हणाली, "पैसे सोडायचे तर सोडा. पण आपल्याला कळलंय ते त्यांच्या मुलाच्या आईला कळू द्यायचं नाही, हा कसला संबंध?" यावर व्यापाऱ्याकडे उत्तर नव्हते. पाडवा झाल्यावर तो अडत्याच्या पेढीवर न जाता संध्याकाळी त्याच्या घरी गेला. "शेठ, वसुलीला आलो नाही. पोरांचा हिशोब दाखवायला आलोय," एवढेच तो म्हणाला आणि त्याने कागद पुढे ठेवला.

अडत्याने पाचही महिन्यांचे आकडे बोट ठेवून वाचले. आपण पाठवलेल्या रकमांच्या तारखा त्याला पाठ होत्या. तो आत गेला आणि चेकबुक घेऊन आला. तेव्हा व्यापाऱ्याने सुचवले, की नवा मुलगा राहायला आला म्हणजे त्याच्याकडून डिपॉझिटचे येणारे २४,००० परस्पर वळते करून घेता येतील. उरलेले १६,००० मुलाला स्वतः फेडू द्यावेत. तसेच ठरले. घरमालकाच्या संमतीने नवा सोबती आला, नवा करार झाला. अडत्याचा मुलगा गावी परतला, मोबाइलमधील ते ॲप वडिलांसमोर काढून टाकले, आणि पेढीवर काम करून महिना ४,००० याप्रमाणे चार महिन्यांत त्याने बाकी फेडली. नोकरी करणाऱ्या मित्राने तोपर्यंत त्या बाकीचा निम्मा भार आपल्याकडे घेतला होता. दोघा गावकरी मित्रांचे बोलणे पूर्वीसारखे रोजचे राहिले नाही. पण रस्त्यात भेट झाली, तर कोणाला पलीकडच्या बाजूने जावे लागत नाही.

याच प्रश्नाचे आणखी एक रूप व्यापारी कुटुंबांत आढळते. मुलाच्या शिक्षणाच्या निमित्ताने पुण्यात सदनिका विकत घेतलेली असते. मुलगा एकटाच राहतो म्हणून नात्यातल्या किंवा ओळखीच्या मुलाला सोबतीला ठेवले जाते. "भाडं काय, चार-पाच हजार देत जा," असे तोंडी ठरते. पुढे मुलाचे शिक्षण संपते, सोबतीचा मुलगा मात्र तेथेच राहतो. भाडे कधी येते, कधी येत नाही. नात्याचा प्रश्न असल्याने कागद करण्याचे कोणाच्या मनात येत नाही. येथे जोखीम सर्वांत मोठी, कारण कुटुंब स्वतः घरमालकाच्या भूमिकेत असते.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याच्या कलम ५५ प्रमाणे जागा भाड्याने किंवा लीव्ह अँड लायसन्सने देताना करार लेखी असला पाहिजे आणि त्याची नोंदणी झाली पाहिजे. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही ही समजूत अजून अनेक घरांत आहे. महाराष्ट्रात ती चुकीची आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की नोंदणीकृत लेखी करार नसेल, तर जागा कोणत्या अटींवर दिली होती याबद्दल राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, आणि ते खोटे असल्यास तसे सिद्ध करण्याचा भार घरमालकावर येतो. पाच हजार ठरले होते की काहीच ठरले नव्हते, वर्षभरासाठी की लग्न होईपर्यंत, याचा निवाडा मग नातलगांच्या आठवणींवर सोपवावा लागतो.

याउलट करार लेखी असेल, तर कलम २४ चा आधार मिळतो. मुदत संपूनही राहणाऱ्याने जागा सोडली नाही, तर घरमालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा मागू शकतो, आणि मुदतीनंतरच्या वास्तव्यासाठी करारातील दराच्या दुप्पट भरपाई मागता येते. या संरक्षणाची किंमत फार नाही. लीव्ह अँड लायसन्स करारावर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के आहे. ते मुदतीतील एकूण भाड्यावर आणि डिपॉझिटवरील मानीव व्याजावर आकारले जाते. महिना २४,००० भाडे, ७२,००० डिपॉझिट आणि अकरा महिन्यांची मुदत धरली, तर ही रक्कम सुमारे सातशे रुपये होते. शहरी भागात नोंदणी शुल्क एक हजार रुपये. आधार पडताळणीद्वारे ही नोंदणी घरबसल्या ऑनलाइनही होते. घराच्या वास्तुशांतीला जेवढा खर्च होतो, त्याच्या एका कोपऱ्यात हे सर्व बसते.

मुले शहरात राहायला जाण्याच्या दिवशी आईवडील गाद्या, भांडी, पाण्याचे पिंप आणि देवदर्शनासाठी जवळचे देरासर किंवा स्थानक कोठे आहे हे पाहतात. त्याच दिवशी आणखी अर्धा तास काढून सर्व सोबत्यांच्या उपस्थितीत एक कागद लिहावा. भाडे, वीज, सोसायटीची वर्गणी आणि कामवाल्या बाईंचा पगार यांत कोणाचा किती वाटा. डिपॉझिटमध्ये कोणाचे किती. भाडे कोणत्या तारखेपर्यंत द्यायचे. नोकरी किंवा शिक्षण मध्येच सुटले, तर किती दिवस आधी सांगायचे. आणि एक महिना थकला, तर घरच्यांना कळवायचे, हे सर्व त्यात यावे. एकाही मुलाचा एकही रुपया थकलेला नसताना हा कागद लिहिला जातो, म्हणून त्यात कोणाचाच अविश्वास दिसत नाही. पुढे सात तारखेला विचारणाऱ्यालाही शब्द शोधावे लागत नाहीत; तो केवळ सर्वांनी ठरवलेल्या गोष्टीची आठवण देत असतो.

आणि जागा सोडतानाही तसाच एक कागद करावा. डिपॉझिट कोणाला किती परत मिळाले, शेवटचे बिल कोणी भरले, हे लिहून खाली सर्वांनी सही करावी आणि शेवटच्या ओळीत लिहावे: एकमेकांकडे बाकी काही नाही.